ब्रिटनमध्ये साडेतीन टनांपुढची मोटरहोम चालवायची आहे? सी-वन लायसन्स कसं काढायचं

मोटरहोम विकत घेण्यात घोडं अडत नाही, ते अडतं लायसन्सपाशी. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या आपल्या लोकांकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बरेचदा येतात ते पैसे भरून झाल्यावर. कुणी आधी ट्रेनरला आगाऊ रक्कम देतं आणि मग मेडिकलमध्ये अडकतं. कुणी ट्रक ड्रायव्हरच्या नोकरीसाठी लागणाऱ्या जास्तीच्या दोन परीक्षाही विकत घेऊन बसतं. कुणाला तर आपल्याला या लायसन्सची गरज आहे हेच गाडी दारात उभी राहिल्यावर कळतं. यातलं एकही काम अवघड नाही, फक्त क्रम चुकला की पैसा आणि वेळ दोन्ही जातात. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

(उत्तर आयर्लंडचं लायसन्स खातं वेगळं आहे. हा लेख तिथल्यांसाठी नाही.)

टप्पा १ : लायसन्स खरंच लागतं का, ते आधी तपासा

१ जानेवारी १९९७ किंवा त्यानंतर कारची परीक्षा पास झालेल्यांच्या लायसन्सवर ‘बी’ गट असतो. त्यावर कमाल अधिकृत वजन ३,५०० किलोपर्यंत असलेली गाडी चालवता येते. ३,५०० ते ७,५०० किलोंच्या गाडीला सी-वन लागतं आणि त्याहून जड गाडीला सी.

सगळ्यात जास्त घोळ ‘कमाल अधिकृत वजन’ या एका आकड्याबद्दल होतो. गाडी आज वजनकाट्यावर किती भरते, याचा लायसन्सशी संबंध नाही. भरलेली गाडी जास्तीत जास्त किती वजनाची असू शकते हे बनवणाऱ्याने प्लेटवर ठोकून दिलेलं असतं, लायसन्स त्या आकड्यावर ठरतं. प्लेटवर ४,२५० असेल तर रिकामी, टाक्या कोरड्या असलेली गाडीही ‘बी’ वर चालवता येत नाही. ‘सामान कमी भरू’ हा उपाय इथे चालत नाही.

ही प्लेट बहुधा बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर असते. तिच्यावर एकाखाली एक चार आकडे असतात. पहिला गाडीचं कमाल वजन, दुसरा ट्रेलरसकट एकूण वजन, तिसरा पुढच्या आसाची मर्यादा आणि चौथा मागच्या आसाची. तुम्हाला पहिला हवा. घाईत दुसरा वाचून ‘बापरे, साडेपाच टन!’ म्हणणारेही भेटतात.

आता उलटी बाजू. प्लेटवर नेमके ३,५०० आहेत आणि लायसन्स ‘बी’ आहे, म्हणजे सुटलो, असं वाटतं. जरा हिशोब करू. समजा ड्रायव्हर आणि इंधन धरून गाडी ३,०५० किलोंची आहे. उरले ४५०. आणखी तीन माणसं, प्रत्येकी ७५ धरली तर २२५. टाकीत ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. ऑनिंग (गाडीला लावायचं कापडी छत) ३०, चार सायकली ६०. कपडे, अंथरुणं, कुकर, पातेली, तांदूळ-डाळीचे डबे आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेलं बाकीचं सामान ८०. बेरीज ४७५. म्हणजे निघतानाच २५ किलो जास्त. हा जादा वजनाचा गुन्हा आहे, लायसन्सचा नव्हे, पण त्यातून सुटायला लोक जे करतात त्याने लायसन्सचा प्रश्न उभा राहतो.

ते करतात असं, की गाडीची प्लेट बदलून घेतात. बऱ्याच गाड्यांमध्ये काहीही न बदलता, नुसत्या कागदोपत्री ३,५०० चे ३,६५० किंवा ३,८५० होतात. विकणारा हे हौसेने करून देतो. पण ज्या दिवशी नवी प्लेट लागली, त्या दिवसापासून ती गाडी ‘बी’ वाल्याच्या हातातून गेली. पेलोड, म्हणजे माणसं-सामान भरायची मर्यादा, वाढवून घ्यायच्या आधी लायसन्स काढा, नंतर नाही.

*तपासणी :* प्लेटचा फोटो काढा. व्ही-फाइव्ह-सी नोंदणीपत्रातल्या वजनाशी ताडून पाहा. दोन्ही जुळत नसतील तर ते आधी निस्तरा. वापरलेली गाडी घेताना विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका.

आता लायसन्स कुणाचं कसं, ते बघू.

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, आणि ते ब्रिटिश लायसन्सशी बदलून मिळत नाही. तेव्हा आधी इथली कारची परीक्षा, मग सी-वन. भारतात ट्रक चालवायचा बिल्ला असला तरी त्याचा इथे उपयोग नाही.

दुबई किंवा सिंगापूरमार्गे आलेल्यांपैकी अनेकांनी तिथलं लायसन्स बदलून घेतलेलं असतं. बदलून ‘ब्रिटिश’ झालं म्हणजे सी-वन आलं असं नव्हे. कार्डाची मागची बाजू बघा, सी-वन समोर तारीख आहे का.

साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत एनएचएसमध्ये आलेल्या आपल्या डॉक्टर मंडळींची पिढी मात्र नशीबवान. १९९७ च्या आधी कारची परीक्षा दिलेल्यांना सी-वन आपोआप मिळालेलं आहे. पण सत्तरी गाठताना ते आपोआप जातंही. सत्तराव्या वर्षी नूतनीकरण ऑनलाइन न करता पोस्टाने, मेडिकल फॉर्म जोडून केलं तरच सी-वन टिकतं. मुलं ‘बाबा, दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणत ऑनलाइन करून टाकतात आणि बाबांचं सी-वन गेलेलं असतं.

*सावधान :* जून २०२५ पासून ‘बी’ वर ४,२५० किलोंपर्यंतची गाडी चालवता येते, हे खरं आहे, पण फक्त शून्य-उत्सर्जनाच्या, म्हणजे विजेवरच्या किंवा हायड्रोजनच्या गाड्यांसाठी. तुमची डिझेल मोटरहोम त्यात बसत नाही. अर्धी बातमी वाचून गाडी घेऊ नका. सी-वन नसताना अशी गाडी चालवली तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि ३ ते ६ पॉइंट. शिवाय विमा कंपनी हात वर करू शकते, आणि खरा फटका तिथे बसतो.

टप्पा २ : मेडिकल, म्हणजे डी-फोर फॉर्म

बहुतेकांना हा टप्पा नुसती औपचारिकता वाटतो. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त अर्ज इथेच परत येतात किंवा रखडतात. ट्रेनरला एक पौंडही द्यायच्या आधी हा टप्पा पार करा.

डी-फोर हा डॉक्टरने भरायचा फॉर्म आहे. डॉक्टर ब्रिटनमध्ये नोंदणी असलेला हवा. सुट्टीत पुण्याला गेल्यावर फॅमिली डॉक्टरकडून भरून आणू, हा बेत फुकट जातो. इथल्या जीपीने हे काम करायलाच हवं असंही नाही. ते एनएचएसच्या सेवेत येत नाही, त्यामुळे पैसे पडतात आणि दर ज्याचा त्याचा. नुसते ड्रायव्हर मेडिकल करणारे खासगी डॉक्टर बरेच आहेत आणि ते बहुतेक वेळा जीपीपेक्षा स्वस्त पडतात. त्यांच्याकडे जाताना जीपीकडची तुमच्या आजारांची आणि औषधांची माहिती छापून न्या. ती नसेल तर काही खासगी डॉक्टर फॉर्मवर सही करायला तयार होत नाहीत.

दृष्टीचा भाग डॉक्टर किंवा चष्म्याचा डॉक्टर, कुणीही भरू शकतो. निकष कारपेक्षा कडक आहे. चांगल्या डोळ्याची दृष्टी किमान ०.८ आणि दुसऱ्याची किमान ०.१, चष्म्यासह चालते. चष्म्याचा नंबर अधिक ८ च्या पुढे नको. बऱ्याच जीपींकडे नेमकं मोजायची सोय नसते. मग ते तो भाग कोरा सोडतात, तुम्ही घाईत तसाच पोस्टात टाकता, आणि तो परत येतो. दृष्टीचा भाग आधी चष्म्याच्या दुकानातून भरून घ्या, उरलेला घेऊन डॉक्टरकडे जा. माझ्या मते हाच क्रम बरा.

मधुमेह आणि रक्तदाब हे आपल्याकडे घरोघरी. त्याबद्दल लपवाछपवी नको आणि धास्तीही नको. मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्या तरी लिहा. इन्सुलिन घेत असाल तर सी-वन अशक्य नाही, पण वेगळी तपासणी होते. गेल्या १२ महिन्यांत साखर इतकी खाली गेलेली चालत नाही की दुसऱ्याची मदत लागली, आणि मीटरमधल्या नोंदी दाखवाव्या लागतात. म्हणजे आजपासूनच रोज मोजायला लागा, तारीख मिळाल्यावर नव्हे. रक्तदाबाचा वरचा आकडा सातत्याने १८० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १०० किंवा त्याहून जास्त राहत असेल, तर तो आटोक्यात येईपर्यंत थांबावं लागतं. डॉक्टरपुढे बसल्यावर ज्यांचा दाब नेहमी उडी मारतो त्यांनी घरच्या नोंदी सोबत न्याव्यात. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, फिट, हृदयाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर उत्तर यायला महिने लागू शकतात, हे धरून चला.

*तपासणी, पाकीट बंद करण्यापूर्वी :* प्रत्येक पानावर तुमचं नाव आणि जन्मतारीख आहे का? एकही चौकट रिकामी नाही ना? खाडाखोड केली तिथे डॉक्टरची सही आहे का? डॉक्टरचा जीएमसी (डॉक्टरांच्या नोंदणीचा) क्रमांक आणि तारीख आहे का? तुमची स्वतःची सही? हसू नका, सर्वांत जास्त हीच राहते.

डॉक्टरच्या सहीपासून चार महिन्यांत फॉर्म पोचला पाहिजे. ‘उन्हाळ्यात करू’ म्हणून मेडिकल जानेवारीत उरकून ठेवू नका.

टप्पा ३ : डी-टू फॉर्म आणि प्रोव्हिजनल

डी-टू हा अर्ज. तो डी-फोरसोबत स्वान्सीला, डीव्हीएलएकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याकडे पाठवायचा. सोबत तुमचं फोटोकार्ड लायसन्सही जातं. शुल्क नाही. तेव्हा या अर्जासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं बंद करा. ती सरकारी नाहीत.

अर्जात सी-वनबरोबर सी गटाचीही खूण करा. का, ते पाचव्या टप्प्यात.

*सावधान :* कार्ड पोस्टात गेलं की काही आठवडे हातात नसतं. दरम्यान तुमची कार तुम्ही बहुतेक वेळा चालवू शकता, पण परदेशात भाड्याने गाडी घ्यायची असेल तर कार्डाशिवाय कुणी किल्ली देत नाही. गणपतीला भारतात किंवा सुट्टीत युरोपात जायचं असेल तर अर्ज परतल्यावर पाठवा. पत्ता बदलला असेल तर तोही याच अर्जात दुरुस्त करा. नाहीतर कार्ड जुन्या घरी जातं.

कार्ड परत आल्यावर सरकारच्या ऑनलाइन सेवेत आपलं लायसन्स उघडून सी-वनचं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, लागलंय का ते पाहा. ते दिसल्याशिवाय थिअरी बुक करू नका.

टप्पा ४ : थिअरी

दोन परीक्षा, दोन वेगळी बुकिंग. एकाच दिवशी देता येतात, हवं तर वेगळ्याही.

पहिली बहुपर्यायी. १०० प्रश्न, १ तास ५५ मिनिटं, पास व्हायला ८५ बरोबर. फी २६ पौंड. दुसरी हॅझर्ड परसेप्शन, म्हणजे रस्त्यावरचा धोका ओळखण्याची. १९ चित्रफिती, त्यांत २० धोके, प्रत्येकाला ५ गुण, पास व्हायला १०० पैकी ६७. फी ११ पौंड.

बुक करताना ‘लॉरी’ निवडा. कारच्या थिअरीचा जुना दाखला चालत नाही. ॲप किंवा पुस्तक घेतानाही लॉरीचंच घ्या. माल बांधणं, टॅकोग्राफ (गाडी चालवल्याची वेळ आणि वेग नोंदवणारं यंत्र), ड्रायव्हरच्या कामाचे तास असं सगळं त्यात आहे. माझी तर सुट्टीची गाडी आहे, मला हे कशाला, असं वाटेल. पण प्रश्न येतात. पाठ करा आणि मोकळे व्हा.

परीक्षा इंग्रजीत किंवा वेल्शमध्येच होते, दुभाषा चालत नाही. हॅझर्डच्या चित्रफितीत घाबरून सतत क्लिक करत राहिलात तर त्या फितीचे शून्य गुण मिळतात. धोका आकार घ्यायला लागला की एकदा, खात्री झाली की पुन्हा एकदा, एवढं पुरे.

*सावधान, इथेच पैसे जातात :* ट्रेनिंग विकणारे चार भागांचं पॅकेज दाखवतात. त्यातला दुसरा भाग, केस स्टडी, आणि चौथा भाग, प्रात्यक्षिक दाखवणं, हे ड्रायव्हर सीपीसीसाठी आहेत, म्हणजे पोटासाठी लॉरी चालवणाऱ्यांसाठी. स्वतःच्या कुटुंबाला घेऊन सुट्टीला जाणाऱ्याला त्यांची गरज नाही. तुम्हाला हवेत फक्त पहिला भाग, म्हणजे वरच्या दोन थिअरी परीक्षा, आणि तिसरा भाग, म्हणजे सहाव्या टप्प्यातली गाडी चालवायची परीक्षा. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा की खासगी मोटरहोमसाठी हवंय, सीपीसी नको.

थिअरीच्या दोन्ही परीक्षा एकमेकींपासून दोन वर्षांच्या आत पास व्हायला हव्यात आणि प्रात्यक्षिकही दाखल्याच्या दोन वर्षांत.

टप्पा ५ : ट्रेनर निवडणं

परीक्षेत तुमची स्वतःची मोटरहोम बहुधा वापरता येत नाही. सी-वनच्या परीक्षेला किमान ४ टनांची, ५ मीटर लांब आणि मागे बंद पेटी असलेली लॉरी लागते. ट्रेनर ती देतो. कोर्स दोन ते चार सलग दिवसांचे असतात आणि परीक्षा शेवटच्या दिवशी ठेवतात.

आता सी गटाबद्दल. सी-वनच्या लॉऱ्या ठेवणारे ट्रेनर कमी आहेत, कारण धंद्याला मागणी मोठ्या लॉरीची. तुमच्या भागात सी-वनची तारीख लांब असेल तर सरळ सी ची परीक्षा द्या. ती पास झालात की सी-वन आपोआप मिळतं. मेडिकल आणि थिअरी तीच. लॉरी मोठी असते, त्यामुळे पहिला दिवस घामाघूम, पण नंतर स्वतःची ७ मीटरची मोटरहोम हलकी वाटते. ज्यांना वेळ आहे त्यांनी हाच रस्ता घ्यावा असं मी सांगेन. अगदी अरुंद गल्लीतही कार चालवताना ज्यांचे हात आखडतात, त्यांनी सी-वनच.

ट्रेनरला विचारायचे प्रश्न : लॉरीत शिकणारे एका वेळी किती? चार दिवसांत स्टिअरिंगवर माझे तास किती? नापास झालो तर पुन्हा परीक्षेला लॉरीचं भाडं किती? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

लॉरी ऑटोमॅटिक असली तरी कारची परीक्षा मॅन्युअलवर दिलेल्यांच्या लायसन्सवर ऑटोमॅटिकची अट येत नाही.

टप्पा ६ : प्रात्यक्षिक, थ्री-ए आणि थ्री-बी

आधी थ्री-ए. ही बंद आवारात होते. रस्त्यावर ठेवतात तसल्या प्लास्टिकच्या शंकूंमधून (कोन) एस आकारात मागे घेत गाडी आखलेल्या चौकटीत आणून थांबवायची. डीव्हीएसएकडे, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या सरकारी खात्याकडे, फी ४० पौंड. मान्यताप्राप्त ट्रेनरही ही परीक्षा घेतात, तिथे दर त्यांचा. थ्री-ए पास झाल्याशिवाय थ्री-बी देता येत नाही.

कार चालवणाऱ्यांची इथे एक ठरलेली चूक असते. ते स्टिअरिंग उशिरा फिरवतात आणि मग एकदम जास्त फिरवतात. मोठ्या गाडीचा मागचा भाग वळायला वेळ घेतो. थोडं फिरवा, थांबा, आरशात मागचं चाक कोनपासून किती अंतरावर आहे ते बघा, मग पुढचं. बघायचं असतं ते चाक, पेटीचा कोपरा नव्हे. वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी. घाईला गुण नाहीत. गाडी पुढे घेऊन पुन्हा किती वेळा सावरता येते आणि खाली उतरून किती वेळा बघता येतं, हे ट्रेनरकडून आधीच नीट विचारून घ्या.

थ्री-बी रस्त्यावर, साधारण तासभर. कामाच्या दिवशी फी ११५ पौंड. गाडीच्या सुरक्षेबद्दल प्रश्न, मग शहर, मोठे रस्ते आणि काही वेळ पाट्या बघत स्वतः वाट शोधणं. किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, गंभीर एकही नाही.

इथे नापास होणारे बहुतेक वेगात नाही, आरशात नापास होतात. डावीकडे वळताना डावा आरसा, दिशा बदलताना दोन्ही, वेग कमी करताना मागचं, आणि हे सगळं वळणाच्या आधी. डाव्या वळणावर मागचं चाक फुटपाथला घासलं की ती किरकोळ चूक राहत नाही. म्हणून सरळ जरा पुढे जा आणि मग वळवा. गोल चौकात आपल्या लेनमध्ये मावत नसाल तर दोन लेन घ्या, पण आधी आरसा आणि सिग्नल. कारमध्ये हे केलं तर लोक हॉर्न वाजवतात, लॉरीत ते अपेक्षितच असतं.

*तपासणी, परीक्षेच्या सकाळी :* फोटोकार्ड, थिअरीचे दाखले, चष्मा. चष्म्याची अट लायसन्सवर असेल आणि तो घरी राहिला तर फीही जाते.

टप्पा ७ : पास झाल्यावर

पास झाल्या क्षणापासून सी-वनची गाडी चालवता येते, नव्या कार्डाची वाट पाहायची गरज नाही. पण गाडीकडे धावण्याआधी विमा कंपनीला कळवा, लेखी. प्लेट बदलून वजन वाढवायचं असेल तर आता बदला, आणि तेही विमा कंपनीला आणि डीव्हीएलएला कळवा.

हे अधिकार कारसारखे सत्तरीपर्यंत सरळ चालत नाहीत. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, ४५ नंतर त्यासोबत मेडिकल, ६५ नंतर दर वर्षी. फोनमध्ये आठवण लावा.

वेगमर्यादाही बदलते. इंग्लंड आणि वेल्समध्ये रिकाम्या गाडीचं वजन ३.०५ टनांच्या पुढे असेल तर साध्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर ५० मैल, मधे दुभाजक असलेल्या रस्त्यावर ६०, मोटरवेवर ७०. कारच्या सवयीने साध्या रस्त्यावर ६० ने जाणाऱ्यांना पत्र घरी येतं. इथे आकडा रिकाम्या वजनाचा, लायसन्सला आकडा कमाल वजनाचा. दोन्ही एकत्र करू नका.

मागे ट्रेलर जोडायचा असेल तर सी-वनवर तो ७५० किलोंपर्यंतच. छोटी कार ट्रेलरवर चढवून न्यायचा बेत असेल तर हे वजन सहज ओलांडतं. तेव्हा सी-वन-ई लागतं, त्याची परीक्षा वेगळी, आणि हे ट्रेनरशी पहिल्याच फोनवर बोला, चौथ्या दिवशी नको.